पोत्यावरचं नाव

(दृश्य: लाकडी फळीवर ठेवलेलं एक कोरं, तपकिरी कागदी पोतं.)

हे पोतं नीट बघून घ्या. आत 50 पौंड भुकटी आहे, म्हणजे आपले पावणेतेवीस किलो. भुकटी कसली, ते बाहेरून कळायला एकच मार्ग आहे: पोत्यावर काय लिहिलंय ते वाचायचं.

1973 साल. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, सेंट लुईस हे गाव. मिसुरीतलं मोठं सेंट लुईस वेगळं. हे पाइन नदीकाठचं छोटं गाव. इथे मिशिगन केमिकल कंपनीचा कारखाना होता. तिचा एक माल म्हणजे न्यूट्रिमास्टर, अर्थात मॅग्नेशियम ऑक्साइड. ते दुभत्या गायींच्या खुराकात मिसळायचं. दुसरा माल फायरमास्टर. प्लास्टिक पटकन पेटू नये म्हणून त्यात घालायचं हे ब्रोमीनयुक्त रसायन, थोडक्यात पीबीबी. एक माल गायीच्या पोटात जाणारा, दुसऱ्याचा पोटाशी काडीचाही संबंध नाही. आणि नावं मात्र जुळ्या भावांसारखी.

त्या काळात कागदाची टंचाई होती. रंगीत छापील पोती संपली, म्हणून साध्या तपकिरी पोत्यांवर नुसतं नाव उमटवून माल भरला गेला. त्यातली फायरमास्टरची काही पोती न्यूट्रिमास्टर म्हणून ट्रकवर चढली आणि फार्म ब्युरो सर्व्हिसेसच्या पशुखाद्य कारखान्यात उतरली. तिथे ती फोडली, मिक्सरमध्ये ओतली, आणि खाद्य राज्यभर गेलं.

(दृश्य: गोठा. गव्हाणीत खाद्य तसंच पडलेलं. गायी तोंड लावत नाहीत.)

शरद ऋतूत बॅटल क्रीकजवळच्या एका शेतकऱ्याच्या गायींनी खाणं सोडलं. दूध आटलं. पुढे खूर वेडेवाकडे वाढू लागले, केस झडले, गाभडण्याचं प्रमाण वाढलं. हा शेतकरी शिक्षणाने केमिकल इंजिनिअर होता, हे मिशिगनचं नशीब. त्याने खाद्यावरच संशय धरला आणि एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवत राहिला. कीटकनाशक? नाही. शिसं? नाही. बुरशी? नाही. नेहमीच्या यादीतलं काहीच सापडेना, कारण जे होतं ते कुणाच्याच यादीत नव्हतं.

आयोवातल्या एका सरकारी प्रयोगशाळेतला किस्सा सांगतात. नमुना तपासणारं यंत्र जेवणाच्या सुट्टीत बंद करायचं राहिलं. परत येऊन बघतात तर आलेखावर नेहमीपेक्षा फार उशिरा काही टोकं उमटलेली. म्हणजे एखादं जड रसायन. ते पीबीबी आहे हे ओळखायला 1974 चा एप्रिल उजाडला. ओळखलं ते मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल इथे अमेरिकी कृषी खात्यात काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने, आणि तेही त्याने आधी नेमक्या याच रसायनावर काम केलं होतं म्हणून.

तोवर महिने उलटले होते. 500 हून जास्त शेतांवर बंदी आली. सुमारे 30 हजार गुरं आणि 15 लाख कोंबड्या मारून पुरल्या. जवळजवळ 50 लाख अंडी नष्ट केली. खाद्य कारखान्याची यंत्रं त्या भुकटीने इतकी माखली होती, की नंतर बनलेल्या चांगल्या खाद्यातही तिचा अंश उतरत राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. न्यूट्रिमास्टर हे औषध नव्हतं, साधं खनिज होतं. औषधी घटकांसाठी अमेरिकेत वेगळी नियमावली आहे, आणि ती या अपघातातून जन्मली असं मला म्हणायचं नाही. पण त्या नियमावलीतली नोंदींची कलमं वाचताना ते तपकिरी पोतं डोळ्यांसमोरून हलत नाही.

(दृश्य: आधुनिक कारखाना. वजनकाटा, मिक्सर, मास्क लावलेले कामगार.)

ज्याला आपले पोल्ट्रीवाले प्रीमिक्स म्हणतात, ते अमेरिकेतही पूर्वी प्रीमिक्सच होतं. 1986 पासून सरकारी भाषेत त्याला 'टाइप ए' म्हणतात. म्हणजे औषधाचं दाट मिश्रण. ते थेट जनावराला घालायचं नाही. खाद्य कारखान्याने ते मोठ्या प्रमाणातल्या खाद्यात पातळ करायचं.

किती पातळ? मोनेन्सिन या खाद्यातून द्यायच्या औषधाचं उदाहरण घेऊ. मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या खाद्यात ते अमेरिकी टनाला, म्हणजे सुमारे 907 किलोंना, 5 ते 40 ग्रॅम घालतात. प्रीमिक्समध्ये त्याचं प्रमाण 20 टक्के असेल, तर 25 किलोच्या एका पोत्यात 5 किलो औषध झालं. कमाल मात्रा धरली तरी एक पोतं 125 टन खाद्याला पुरतं. त्या पोत्यात प्रमाण चुकलं, तर चूकही 125 टनांत पसरते. आणि गुरांना, कोंबड्यांना मानवणारं हेच मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाला घातक. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम पोटात गेलं तरी घोडा दगावू शकतो.

म्हणून हे मिश्रण बनवणाऱ्याच्या वहीत सरकारला इतका रस.

पहिली वही मूळ सूत्राची. कोणता घटक किती वजनाचा, किती माल हाती यायला हवा, मिसळायचं कसं, तपासायचं कसं, सगळं त्यात. सोबत लेबलचा नमुना. एका जबाबदार माणसाने ती तयार करून तारीख घालून सही करायची, आणि दुसऱ्या जबाबदार माणसाने स्वतंत्रपणे पडताळून पुन्हा सही करायची. 'स्वतंत्रपणे' हा शब्द नियमातच आहे. कचेरीत वावरलेल्या कुणालाही कळेल तो का घालावा लागला. "साहेबांनी बघितलंय ना, मग कर सही," ही पद्धत काही फक्त आपल्याकडची नाही.

दुसरी नोंद प्रत्येक बॅचची, वेगळी. माल कोणत्या तारखेला बनला, औषध नेमकं कोणतं वापरलं, प्रत्येक घटकाचं वजन, प्रयोगशाळेचे निकाल, प्रत्येक टप्प्यावर काम करणाऱ्याची किंवा देखरेख करणाऱ्याची सही. शिवाय मिक्सर किती वेळ फिरवला तेही. हे वाचून आधी हसू येतं. पण कमी फिरवलं तर एका पोत्यात औषध जास्त, दुसऱ्यात जवळजवळ नाही. दोन्ही पोत्यांवरचं लेबल मात्र सारखंच.

आणि बॅच नंबर असा हवा, की लेबलवरच्या आकड्यावरून उलट चालत त्या दिवशीच्या मिक्सरपर्यंत, तपासणीच्या निकालापर्यंत पोचता यावं.

(दृश्य: ट्रकमध्ये पोती चढत आहेत. एकजण हातात चलन घेऊन मोजतो आहे.)

तिसरी नोंद माल कुणाकडे गेला त्याची. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, माल किती, आणि तो ओळखण्याचा नंबर. इथे नियम उद्देशही सांगून टाकतो: गरज पडली तर माल परत मागवता यावा, दुसरीकडे वळवता यावा किंवा नष्ट करता यावा, अशा रीतीने नोंद ठेवा. नुसती बिलं खिळ्याला टोचून ठेवली तर नोंद आहे म्हणता येईल, पण रात्री अकराला "तो नंबर कुठे कुठे गेला?" असा फोन आला तर ती बिलं कामाची नाहीत.

चौथी वही तक्रारींची. मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच. लेखी तक्रार तर नोंदवायचीच, पण तोंडीसुद्धा. फोनवर कुणी म्हणालं, "तुमच्या मालानंतर कोंबड्या बसल्या," तर तेही लिहायचं. जाणकार माणसाने ते तपासायचं, काय निष्कर्ष निघाला आणि काय केलं तेही लिहायचं. मिशिगनच्या शेतकऱ्यांनी नंतर सांगितलं, की खाद्याची तक्रार घेऊन गेलं की उत्तर यायचं, "असं फक्त तुमच्याकडेच होतंय." प्रत्येकाला तेच उत्तर. एकाच वहीत चार तक्रारी एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नसतं.

नोंदी नसतील तर? अमेरिकी कायद्यात औषध ठरल्या पद्धतीने बनवलेलं नसेल, तर ते भेसळयुक्त धरलं जातं. पोत्यातला माल तपासणीत शंभर टक्के शुद्ध निघाला तरी. आणि नोंदी हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

कागद किती दिवस जपायचे? पाठवलेल्या मालाची नोंद, माल निघाल्यापासून 2 वर्षं. तक्रारी, 2 वर्षं. बॅचच्या नोंदीचा हिशोब जरा तिरका आहे: त्या बॅचचं वितरण संपल्यावर 2 वर्षं, किंवा मुदत संपल्यावर 1 वर्ष, यांतलं जे लांबचं असेल ते. समजा मालाची मुदत 24 महिने आहे आणि शेवटचं पोतं पाचव्या महिन्यात गेलं. पहिल्या हिशोबाने 29 महिने, दुसऱ्याने 36. म्हणजे कागद 3 वर्षं कपाटात. हे प्रीमिक्स विकत घेऊन खाद्य बनवणाऱ्या कारखान्याला उत्पादनाच्या नोंदी 1 वर्ष ठेवल्या तरी चालतात.

जानेवारी 2017 पासून साखळीत आणखी एक कागद आला. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक्स खाद्यातून द्यायची, तर पशुवैद्याचा लेखी आदेश लागतो. त्याची प्रत पशुवैद्य, खाद्य पुरवणारा आणि पशुपालक, तिघांनी 2 वर्षं ठेवायची.

(दृश्य: पुन्हा तेच कोरं पोतं. मग हळूहळू दवाखान्यातल्या टेबलावर रक्ताच्या नळ्या.)

पीबीबी चरबीत साठतं आणि शरीरातून निघायला वर्षानुवर्षं लागतात. त्या गायींचं दूध, लोणी, मांस मिशिगनच्या घराघरांत जाऊन पोचलं होतं. 1976 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने एक नोंदवही उघडली. त्यात हजारो माणसं: शेतकरी, त्यांच्या घरचे, त्यांच्याकडून माल घेणारे, रसायन कारखान्यातले कामगार. कुणाच्या रक्तात किती पीबीबी, ते लिहिलं गेलं. पुढे ही वही जॉर्जियातल्या एमरी विद्यापीठाने हाती घेतली. आता तिच्यात त्या माणसांच्या मुलांची आणि नातवंडांचीही नावं आहेत.