तटाच्या आतलं गाव : पन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

पन्हाळा म्हटलं की आपल्याला १६६० साल आठवतं. सिद्दी जौहरचा वेढा, जुलैतली ती पावसाळी रात्र आणि विशाळगडाची वाट. पण आज मला बोलायचंय ते या गडावर आजही नांदणाऱ्या गावाबद्दल. इथं तहसील कचेरी आहे, न्यायालय आहे, शाळा आहेत, किराणा दुकानं आहेत, नगरपरिषद आहे. २०११च्या जनगणनेत या नगरपरिषदेची लोकसंख्या भरली ३,१२१. कोल्हापूर जिल्ह्यातली कितीतरी खेडी याहून मोठी आहेत. आणि तालुका मात्र अडीच लाखांवर माणसांचा! त्या साऱ्यांची सरकारी कामं या डोंगरमाथ्यावर येतात.

कोल्हापूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर हा डोंगर आहे. सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेल्या एका रांगेवर तो बसलाय. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला कासारीचं. माथा साधारण त्रिकोणी, वर जांभा दगड आणि खाली काळा बसाल्ट. माझ्या मते पन्हाळ्याची अर्धी गोष्ट या दोन दगडांत आहे. जांभा सच्छिद्र, तो पावसाचं पाणी पिऊन घेतो. खालचा काळा दगड ते सहज मुरू देत नाही, म्हणून दोन्ही थरांच्या सांध्यावर झरे फुटतात. सादोबा तळं, सोमाळे तळं, तीन मजली अंधारबाव, ही सगळी त्या पाण्याची साठवण. पाणी होतं म्हणूनच बाराव्या शतकात शिलाहार राजा भोज इथं राहू शकला आणि पुढं ताराराणींना इथून राज्य चालवता आलं. १७२९ साली कवी मोरोपंत जन्मले तेही याच गडावर. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची प्रचंड कोठारं पाहिली, की एके काळी इथं किती तोंडं जेवत असतील याचा अंदाज येतो. १७८२मध्ये राजधानी कोल्हापूरला हलली. आज कासारीचं पाणी पंपानं वर चढवावं लागतं.

भिजलेला डोंगर खचतोही. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत चार दरवाज्याजवळ मुख्य रस्ता तुटला आणि कित्येक महिने गाड्यांना थेट वर जाता येईना. गडावर जायचा मोठा रस्ता तेवढा एकच. आजारी माणसाला खाली न्यायचं, दुकानाचा माल वर आणायचा, परीक्षेला वेळेवर पोहोचायचं, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा.

आता लोकसंख्येकडे पुन्हा वळू. २००१मध्ये ती ३,४५० होती. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ दहावा हिस्सा कमी झाला. आसपासची गावं वाढत असताना हे गाव आटलं. कारण उघड आहे, असं मला वाटतं. तटाचा घेर सात किलोमीटरच्या आसपास, त्याच्या आत जमीन वाढणार कुठून? त्यातून संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. भाऊ वेगळे झाले की एकजण कोल्हापूरकडे उतरतो. जे राहतात त्यांचा मोठा आधार पर्यटक. कुणाचं लॉज, कुणाची झुणका-भाकरीची गाडी. शनिवार-रविवारी गडावर जी गर्दी दिसते, ती जनगणनेच्या आकड्यात कुठंच नसते, पण पाणी, कचरा आणि रस्त्याचा भार याच तीन हजारांच्या नगरपरिषदेवर पडतो.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात पन्हाळा आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. यांतल्या रायगडावर, सिंधुदुर्गावर थोडी घरं आहेत. नगरपरिषद असलेलं अख्खं गाव पन्हाळ्यावरच. आपल्या घरांवर गदा तर येणार नाही ना, ही रहिवाशांची भीती त्या वेळी उघडपणे बोलली गेली. ती गंभीरपणे ऐकायला हवी. बुरुज जपायचा आराखडा होतो, तेव्हा त्याच कागदावर घरदुरुस्तीची सोपी परवानगी, पाणी आणि पर्यायी रस्ता यांनाही जागा हवी.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे. पन्हाळ्याचा नवा आकडा येईल तेव्हा मी आधी एवढंच बघेन, की शून्य ते सहा वर्षांची मुलं गडावर किती उरली आहेत.

नमस्कार.