पायरेट सिटीत पाहिलेलं काम

मित्रांनो, मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगचे पंधरा संघ फ्लोरिडात आणि पंधरा ॲरिझोनात सरावाला उतरतात. तिकिटं त्यांच्या सामन्यांची खपतात, टीव्हीवरही तेच दिसतात. मला आज बोलायचंय ते त्याच गावांत, जरा आडबाजूला, जाळीच्या कुंपणामागे चालणाऱ्या मायनर लीगच्या कॅम्पबद्दल. मायनर लीग म्हणजे याच क्लबांचे खालच्या पायऱ्यांवरचे संघ, जिथून मुलं मेजर लीगकडे चढायला बघतात.

२०१९च्या मार्चमध्ये मी फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला पायरेट सिटीत गेले होते. पिट्सबर्ग पायरेट्सचं हे संकुल १९६९ सालचं. पायरेट्सचा दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेने कारकिर्दीतली शेवटची वर्षं इथेच सराव केला. शेजारी शेजारी मैदानं, आणि खेळाडूंच्या राहायच्या खोल्याही आवारातच. तिकीट नव्हतं. कुंपणाला नाक लावून उभं राहायचं, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज दहा फुटांवरून ऐकायचा. स्टेडियममधल्या महागड्या खुर्चीवरून हा आवाज कधीच असा येत नाही.

तिथल्या सामन्याला निकाल नसतो, ही गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्याला चक्रावून टाकते. एरवी तीन खेळाडू बाद झाले की इनिंग संपते. मी पाहत होते तेव्हा दोनच बाद झाले होते, बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यावर, धावपटू उभा होता, आणि कोचने हात वर करून इनिंग तिथेच संपवली. पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, वाट्याचे चेंडू टाकून झाले होते, बस! कुणी कुरकुर केली नाही. आदल्या दिवशी चेंडू टाकलेली मुलं फलंदाजाच्या जागेमागे बसून प्रत्येक चेंडूचा वेग आणि प्रकार कागदावर उतरवत होती. पाठीवर नाव नाही, त्यामुळे कोण कोण ते कळायला मार्ग नव्हता.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती पिचरांच्या क्षेत्ररक्षणाच्या सरावापाशी. पिचर चेंडू टाकल्याचा नुसता आविर्भाव करतो. कोच लांब, हलक्या फंगो बॅटने पहिल्या बेसच्या दिशेने घरंगळता चेंडू मारतो. तो अडवायला पहिला बेसमन जागा सोडतो, म्हणजे बेस मोकळा पडतो, आणि तो पिचरने धावत येणाऱ्या फलंदाजाआधी गाठायचा असतो. त्यातही सरळ बेसकडे धावायचं नाही. आधी फलंदाज ज्या रेषेवरून बेसकडे धावतो तिच्या रोखाने जायचं, बेसच्या काही पावलं अलीकडे वळून रेषेला समांतर व्हायचं, चेंडू झेलायचा आणि बेसच्या आतल्या कडेला उजवा पाय लावायचा. नाहीतर धावत येणाऱ्या फलंदाजाशी टक्कर ठरलेली. एक उंच मुलगा वळण उशिरा घेत होता. कोचने त्याला पुन्हा पाठवलं, मग पुन्हा. रागावणं नाही, शाबासकी नाही. रांग पुढे सरकत होती, ऊन चढत होतं, आणि त्याचं वळण हळूहळू जागेवर येत होतं.

आता मला सांगा, हे शिक्षण झालं की काम?

हा प्रश्न माझ्या मनातला नाही, तो कोर्टात लढवला गेलाय. मी गेले त्या वर्षी कॅम्पच्या आठवड्यांचा पगार या मुलांना मिळत नव्हता. पगार सुरू व्हायचा तो हंगाम सुरू झाल्यावर. २०१४ मध्ये काही खेळाडूंनी खटला भरला. मेजर लीगच्या वकिलांचं म्हणणं असं की ही मुलं शिकाऊ आहेत, कॅम्पचा फायदा त्यांनाच जास्त होतो. मला हे मुळीच पटत नाही. त्या उंच मुलाचं वळण बरोबर आलं तर उद्या सामना कुणाचा संघ जिंकणार? माईक पियाझाला १९८८ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत थेट ६२व्या फेरीत निवडलं आणि तो बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. अशा एका पियाझाच्या आशेवर शेकडो मुलांकडून वर्षानुवर्षं बिनपगारी राबवून घेतलं गेलं.

आपल्याला जवळची दोन नावं इथलीच आहेत. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८च्या एका स्पर्धेतून निवडले गेले, पायरेट्सशी करारबद्ध झाले, आणि २००९ मध्ये पायरेट्सच्याच अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या संघाकडून खेळले. दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. बहुतेक मुलं पोचत नाहीतच. पण त्यांनी घाम गाळला तो खरा होता.

२०२२ मध्ये न्यायाधीशांनी खेळाडूंची बाजू उचलून धरली आणि १८.५ कोटी डॉलरला तडजोड झाली. त्याच सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या युनियनमध्ये आले, आणि २०२३च्या मार्चअखेर पहिला करार झाला. सिंगल-ए या मायनर लीगमधल्या खालच्या पायरीवरच्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेला, कॅम्पचेही पैसे ठरले. मात्र त्याच करारात प्रत्येक क्लबाला अमेरिकेतल्या आपल्या मायनर लीग खेळाडूंची कमाल संख्या १८० वरून १६५ वर आणायची मुभा मिळाली. म्हणजे मार्चच्या शेवटी घरी पाठवली जाणारी मुलं आहेतच.

म्हणून जायचं तर त्या शेवटच्या आठवड्याआधी जा, सगळे मैदानात असतात. टँपाहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. प्रेक्षकांना प्रवेश आहे ना, एवढं क्लबला आधी विचारून घ्या. घरच्या मुलांना घेऊन सकाळीच पोचा, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, आणि पिचरांचा सराव चालू असेल तर पहिल्या बेसच्या बाजूची जाळी धरून उभे राहा.