ताटातली तूट, पायांतली तूट

नोव्हेंबर १९४४. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर प्रेक्षकांसाठी जो भव्य सज्जा तेव्हा उभा होता, त्याच्या पोटातील एका प्रयोगशाळेत ३६ तरुण राहायला आले. हातात शस्त्र धरणे त्यांच्या विवेकाला मान्य नव्हते. मात्र युद्धाने उपासमारीत लोटलेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे वैद्यकाला कळावे, यासाठी स्वतः अर्धपोटी राहण्यास ते राजी झाले होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी आखलेल्या या प्रयोगात त्यांना सुरुवातीला रोज सुमारे ३,२०० उष्मांकांचा आहार मिळाला आणि पुढचे २४ आठवडे त्याच्या जेमतेम निम्मा. बटाटे, कंदमुळे, पाव, मॅकरोनी, आणि दर आठवड्याला २२ मैल चालण्याची सक्ती. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले.

‘लाइफ’ साप्ताहिकाने जुलै १९४५ मध्ये छापलेल्या छायाचित्रांतील बरगड्या अनेकांनी पाहिल्या आहेत. जेवणाच्या टेबलापाशी जे घडत होते, ते मात्र अधिक विलक्षण होते. पूर्वी काही मिनिटांत संपणारे जेवण ही मुले दोन-दोन तास लांबवीत. पदार्थांत पाणी कालवून त्यांचे आकारमान वाढवीत. मीठमसाल्याची मागणी करीत आणि शेवटी ताटे चाटून पुसून स्वच्छ करीत. एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारे तरुण पाककृतींची पुस्तके कादंबरीसारखी वाचू लागले. च्युइंगगमचा वापर तर इतका वाढला की, एक जण दिवसाला ४० पाकिटांपर्यंत पोहोचला. अन्न कमी झाल्याबरोबर अन्नाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट त्याने मनाची सगळी जागा व्यापली.

कमी खाल्ले की भूक खवळते, हे कळायला प्रयोगशाळा कशाला हवी, असे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणारा आपला समाज विचारील. खरा प्रश्न पुढचा आहे. शरीरातील उष्मांकांची तूट ताटातून न काढता पायांतून काढली, म्हणजे अन्न तेवढेच ठेवून श्रम वाढवले, तर भूक तितकीच खवळते का?

इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांवर हेच तपासले गेले. एके दिवशी त्यांना ९० मिनिटे धावायला लावले, दुसऱ्या एका दिवशी तेवढ्याच उष्मांकांचे अन्न कमी दिले आणि एक दिवस काहीच बदल न करता तुलनेसाठी ठेवला. नंतर हवे तितके वाढून घ्यावे, अशी जेवणाची मांडणी केली. अन्न कमी मिळालेल्या दिवशी भूक वाढली, रक्तातील घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक वाढले आणि समोर मांडलेल्या पदार्थांवर मुलांनी चांगलाच ताव मारला. धावलेल्या दिवशी यांतले काहीच घडले नाही. त्यांनी नेहमीच्या दिवसाइतकेच खाल्ले. हिशेबाच्या वहीत दोन्ही तुटी सारख्याच होत्या. शरीराने मात्र एकीचीच दखल घेतली, निदान त्या दिवसापुरती. जोरकस व्यायामानंतर काही काळ घ्रेलिन उतरते आणि तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. धावून आलेल्या माणसाला लगेच पोळी-भाजी नकोशी वाटते, ती यामुळेच.

भुकेची ही गोष्ट पोटापुरती राहत नाही, ती नाकापर्यंत जाते. घ्रेलिन दिले असता उंदीर आणि माणसे दोघेही अधिक हुंगू लागतात, असे आढळले आहे. उपाशी उंदरांच्या मेंदूतील गंधकेंद्रात, शरीरातच तयार होणाऱ्या गांजासदृश रसायनांचे कार्य वाढते, वास अधिक तीव्रपणे कळतो आणि खाणेही वाढते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २०१४ साली दाखवले. माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष इतके एकसुरी नाहीत. तरीही डाएटच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातील लसणाची फोडणी भिंत ओलांडून आपल्याच खोलीत बसलेली असते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना नाकाची ही तऱ्हा नवी वाटणार नाही.

चवीचा आनंदही स्थिर नसतो. फ्रान्समधील ल्याँ येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ साली दाखवले की, ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर थोड्याच वेळात तेच गोड नकोसे होऊ लागते. परंतु कमी खाऊन वजन उतरवलेल्या व्यक्तींमध्ये हा नकार उमटेनासा झाला. पोटात साखर जाऊनही गोड गोडच लागत राहिले. ‘पुरे’ म्हणणारी जीभच गप्प बसली होती.

लाफबरोच्या प्रयोगावरून व्यायाम केला की खाण्यावर आपोआप लगाम बसतो, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या दिशेचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा आपल्याच देशातला आहे. कलकत्त्याजवळच्या चेंगाइल येथील एका ताग गिरणीतील २१३ जणांचा आहार, वजन आणि काम यांची पाहणी ज्याँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्या प्रसाद मित्रा यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. हलके किंवा मध्यम काम करणाऱ्यांपेक्षा दिवसभर बसून असणारे दुकानदार अधिक खात होते. त्यांचा आहार जवळजवळ कोळसा आणि ओझी वाहणाऱ्यांइतका होता. निष्कर्ष आकर्षक आहे, पण सावधपणे घ्यावा असा: गल्ल्यावर बसणारा आणि कोळसा वाहणारा यांच्यात केवळ श्रमांचा फरक नसतो, मिळकतीचाही असतो. शिवाय मिनेसोटातील तरुण रोज तीनेक मैल चालतच होते, आणि ताटातील तूट महिनोन्‌महिने टिकल्यावर त्या चालण्याने त्यांची भूक शमली नव्हती.

प्रयोगाच्या अखेरच्या टप्प्यात त्यांना पुन्हा भरपूर अन्न मिळू लागले. काही जण दिवसाला ५,००० उष्मांकांच्याही पुढे जाऊ लागले आणि तरीही पोट भरले आहे पण भूक गेलेली नाही, अशी तक्रार करीत राहिले. पुढे त्यांच्यापैकी तिघांनी आपला व्यवसाय बदलला. ते आचारी झाले.