म्हातारी घोडी बदलते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराईत नवरदेव मिरवणारी घोडी, मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू किंवा चिखलदऱ्यात पर्यटकांना फिरवणारा घोडा वयाची १५ ते २० वर्षे ओलांडल्यावर म्हातारा समजला जातो, आणि निगा चांगली असेल तर त्यानंतरही कितीतरी वर्षे जगतो. या वयात घोडी सवयीच्या रस्त्यावर अडू लागली, विनाकारण दचकू लागली किंवा अंगावर येऊ लागली, की मालक म्हणतात, “साहेब, म्हातारी चळली, घरच्याईले बी वयखत नाही.” माझे आग्रहाचे सांगणे असे, की हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. वयानुसार घोड्याच्या मेंदूत बदल होतात. परंतु माणसातल्या स्मृतिभ्रंशासारखा आजार जिवंत घोड्यात खात्रीने दाखवणारी चाचणी आज उपलब्ध नाही, आणि स्वभाव बदलण्याचे कारण पुष्कळदा दुखण्यात, नजरेत किंवा दातांत सापडते.

झोपेकडे तर आपले लक्षच जात नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे. पण गाढ झोपेचा जो भाग त्याला दिवसातून निदान अर्धा तास लागतो, तो जमिनीवर बसल्या-लोळल्याशिवाय पुरा होत नाही. सांधे धरलेली म्हातारी घोडी, एकदा बसल्यावर पुन्हा उठताना होणाऱ्या वेदनांमुळे, बसणेच टाळते. मग उभ्या-उभ्या तिची मान खाली जाते, पुढचे पाय दुमडतात आणि ती धडपडून जागी होते. पुढच्या पायांच्या खुरांवरच्या सांध्यावर समोरून केस गेलेले किंवा खपल्या धरलेल्या दिसल्या, आणि रोज सकाळी कुशीला लीद वा तणसाची काडी चिकटलेली नसली, तर ती रात्रभर बसलेली नाही असे समजावे. अशा घोडीला मोकळी जागा, तणसाचा जाड बिछाना आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले वेदनाशामक औषध मिळाले, तर तिची चिडचिड कमी होऊ शकते.

नजरेची परीक्षा घरीही करता येते. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. एकेका डोळ्यासमोर बोळा वरून अलगद सोडावा, आणि नजर त्याच्यामागे वळत नसेल तर डोळे तपासून घ्यावेत. गव्हाणीपाशी अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे पडत असतील तर दात दाखवावेत. भर उन्हाळ्यातही लांब केस न झडणे, पाणी जास्त पिणे आणि मरगळ ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या विकाराची लक्षणे असू शकतात. तो रक्ततपासणीत कळतो आणि औषधाने आटोक्यात ठेवता येतो.

हे सारे तपासूनही घोडी गोंधळलेलीच राहिली, तर तिची जागा, दाणावैरणीची वेळ, हाताळणारा माणूस आणि सोबतचे जनावर बदलू नये, वरातीचा बँड आणि फटाके तर तिच्यासाठी कायमचे बंद करावेत.

बदल हळूहळू न होता दोन-चार दिवसांत झाला, घोडी भिंतीला डोके दाबून उभी राहू लागली, एकाच बाजूला गोल फिरू लागली किंवा तिला गिळता येईना, तर तो म्हातारपणाचा भाग मानू नये. यकृताचा किंवा मेंदूचा आजार, अगदी रेबीजही असू शकतो. म्हणून घशात काही अडकले असेल या समजुतीने तिच्या तोंडात हात घालू नये, मुलांना दूर ठेवावे आणि लगेच पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा.