केसपेपरवर न लिहिलेलं

सकाळचे साडेदहा. अंबाजोगाईजवळचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. दारात चपलांचा ढीग, आत रांग. पन्नाशीतला एक शेतकरी स्टुलावर टेकलाय. ‘झोप लागंना साहेब. अन्नावर वासना नाही.’ डॉक्टर तेवढंच लिहितात. झोप नाही, भूक नाही, अशक्तपणा.

सोबतची आशाताई मग हळूच म्हणते, ‘साहेब, घरी म्हणतेत, आता जगून काय करायचं.’

पेन थांबतो. बाहेर अजून साठ पेशंट आहेत.

इच्छामरणाच्या चर्चेत या स्टुलाचा विषय सहसा निघत नाही. आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की बरं होण्याची आशाच उरली नसेल, तर कृत्रिम आधार काढून घेता येतो. त्यासाठी शुद्धीत असताना वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येतं. २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पुढे डॉक्टरांची दोन मंडळं पेशंटची अवस्था तपासतात. पण औषध देऊन जीव संपवणं हा डॉक्टरसाठी आजही गुन्हाच आहे. या शेतकऱ्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही. तो मरणाच्या दारात नाही, आजारी आहे.

परदेशात हीच रेघ पुसट होते आहे. बेल्जियममध्ये मृत्यू जवळ नसलेल्या पेशंटलाही इच्छामरणाची परवानगी मिळू शकते. मात्र आणखी दोन डॉक्टरांचं मत लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ किंवा त्या आजाराचा तज्ज्ञ, आणि किमान महिनाभर थांबावं लागतं. कॅनडाने केवळ मानसिक आजारासाठीची परवानगी मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलली. कारण, यंत्रणा अजून तयार नाही.

कॅनडा असं म्हणतो. मग आपलं काय? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच होती: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नव्हतं. जो तज्ज्ञ ‘ही इच्छा आहे की आजार’ हे ओळखणार, त्याच्यापर्यंत पोचायलाच इथे दिवस मोडतो, मजुरी बुडते. मला तर वाटतं, अशा ठिकाणी मरणाच्या हक्काआधी उपचाराचा हक्क बोलला पाहिजे. तो कायद्यात आहेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरलं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली.

डिप्रेशनची औषधं लागू पडायला काही आठवडे जातात. तेवढे आठवडे कुणीतरी सोबत राहावं लागतं.

डॉक्टर पेन खाली ठेवतात. दार लोटून घेतात. ‘दादा, सरळ विचारतो. जीव द्यावा असं मनात येतं का?’

असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. उलट गाठ सुटते. शेतकरी बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहतो. मग मान हलवतो. ‘येतं.’

आशाताई त्याच्या खांद्यावर हात ठेवते. केसपेपरवर आता चौथी ओळ येते, खाली मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी, आणि कडेला ठळक आकड्यांत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर, १४४१६.

‘गुरुवारी मीच घेऊन जाते यांना,’ आशाताई म्हणते. ‘सकाळच्या एसटीनं.’