खरखरीचे माप

टेबलावरचा आगपेटीएवढा हा पितळी डबा एकच काम करतो: त्याला २८ व्होल्ट दिले की तो खरखर निर्माण करतो. एरवी रेडिओतली खरखर घालवण्यासाठी रात्री जागवणारी हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी ती मुद्दाम का तयार करतात, याचे उत्तर १९२८ सालात आहे. कोणताही रोधक, त्याला बॅटरी जोडलेली नसली तरी, आपल्या तापमानाच्या प्रमाणात खरखर देतो, हे त्या वर्षी बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांच्या मोजमापांनी आणि नायक्विस्ट यांच्या गणिताने सिद्ध झाले. तेव्हापासून खरखर केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या एककात सांगता येते. दहा गिगाहर्ट्झचा एखादा अँप्लिफायर ‘पंचाहत्तर केल्विनचा’ आहे असे म्हणतात, तेव्हा तो बर्फात ठेवलेला नसतो. त्याने स्वतःची किती खरखर मिसळली, एवढेच त्यातून कळते.

हे मोजण्यासाठी एक गार आणि एक गरम स्रोत लागतो. हॉर्न अँटेना निरभ्र आकाशाकडे धरली की तिला जेमतेम दहा केल्विन दिसतात, आणि जमिनीकडे वळवली की सुमारे २९०. पंचाहत्तर केल्विनच्या अँप्लिफायरवर हा फरक सहा डेसिबलच्या आसपास भरतो. अँप्लिफायर जितका शांत, तितका फरक मोठा.

याहून गरम स्रोत हवा असेल, तर तो छताला टांगलेला असतो. बेल प्रयोगशाळेतच मम्फर्ड यांनी १९४९ मध्ये साध्या ट्यूबलाइटचा सूक्ष्मलहरींच्या खरखरीचा स्रोत म्हणून उपयोग दाखवला. काच हाताला कोमट लागते, पण आतल्या इलेक्ट्रॉनांची खरखर अकरा हजार केल्विनच्या घरातली असते. चोकवर चालणारी ट्यूब मात्र सेकंदाला शंभर वेळा मंदावते, त्यामुळे हेडफोनमध्ये खरखरीऐवजी गुरगुर ऐकू येते.

पितळी डब्यात म्हणूनच ट्रान्झिस्टर आहे. त्याच्या बेस-एमिटर जोडावर उलटा दाब देऊन तो ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे उलट्या दिशेनेही प्रवाह वाहू लागेल अशा अवस्थेत, नेला की काही मिलिअँपिअर प्रवाहातच जोरदार, सपाट खरखर मिळते. खरी मेख पुढच्या अॅटेन्युएटरमध्ये, म्हणजे संकेत क्षीण करणाऱ्या भागात आहे. चालू आणि बंद अवस्थेत जोडाचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) बदलतो, त्याबरोबर अँप्लिफायरचा गेनही (संकेत किती पट वाढतो तेही) हलतो, आणि मग आलेला आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, जे वाईट आकड्यापेक्षाही घातक, कारण चांगल्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही. म्हणून दहा ते वीस डेसिबल खरखर जाणूनबुजून वाया घालवावी लागते.

रिसीव्हरचा ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, जो आवाज आपोआप एका पातळीवर ठेवतो, मोजण्याआधी बंद करावा लागतो. तो चालू राहिला, तर डबा चालू केला काय आणि बंद केला काय, काटा जवळपास जागचा हलत नाही. आता हा कंट्रोल बंद आहे, हॉर्न आकाशाकडे आहे, आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवताच काटा वर चढतो.