बिल्ट-इन की सुटा फ्रिज? नागपूरच्या उन्हाळ्यात निर्णय कसा घ्यावा

नमस्कार. मनीषनगरमध्ये माझ्या थोरल्या बहिणीने नव्या फ्लॅटचे स्वयंपाकघर करून घेतले, तेव्हा तिच्याकडे उत्तम चालणारा जुना फ्रिज होता. सुताराने त्याच्याभोवती प्लायवूडचे कपाट इतके नेमके बसवले, की फ्रिज आणि प्लाय यांच्यामध्ये बोटही शिरत नव्हते. डिसेंबरात ते फार देखणे दिसले. मे महिन्यात मात्र, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागण्याच्या आधीच, सकाळी तापवून ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी नासू लागले आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालूच राहू लागला. तपासायला आलेल्या मेकॅनिकने सांगितले की यंत्रात कोणताही बिघाड नाही. फ्रिजची उष्णता बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही.

बिल्ट-इन, म्हणजे कपाटात बसवण्यासाठीच बनवलेला फ्रिज घ्यावा, की सुटा, म्हणजे दुकानदार ज्याला फ्रीस्टँडिंग म्हणतात तो, हा प्रश्न एरवी दिसण्याचा आणि पैशांचा मानला जातो. नागपुरात तो आधी उष्णतेचा प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे.

फ्रिज आतल्या पदार्थांतील उष्णता उचलतो आणि स्वयंपाकघरातील हवेत टाकतो. हे काम कंडेन्सरची नळी करते. जुन्या फ्रिजच्या पाठीवर तिची काळी जाळी उघड दिसत असे. आजच्या बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ती दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आत लपवलेली असते. म्हणूनच दुपारी त्या पत्र्याला हात लावला तर तो गरम लागतो, आणि तसा तो लागायलाच हवा. भोवतालची हवा जितकी तापलेली, तितके उष्णता टाकण्याचे काम अवघड होते आणि कॉम्प्रेसरला अधिक वेळ चालावे लागते. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. तेवढे दरवर्षी होत नाही, परंतु ४४-४५ अंशांचे दिवस आपण दर उन्हाळ्यात काढतो, आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, शेगडी पेटलेली असताना, काय होते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

आता दोन्ही प्रकारांतला खरा फरक पाहू. बिल्ट-इन फ्रिज कपाटात राहण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्यासाठी हवेचा मार्ग आखलेला असतो: गार हवा खाली, कपाटाच्या पायाशी असलेल्या जाळीतून आत येते, पाठीमागून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर पडते. युरोपीय पद्धतीच्या बिल्ट-इन फ्रिजच्या बसवणुकीच्या नकाशात साधारणपणे आत येण्यासाठी आणि बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटिमीटर उघडी जागा मागितलेली असते. सुट्या फ्रिजला असा मार्ग नसतो. त्याला पाठीमागे, बाजूंना आणि डोक्यावर मोकळी हवा लागते. ती किती, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि तो आकडा सुताराच्या अंदाजापेक्षा नेहमी वरचढ मानावा. सुटा फ्रिज कपाटात कोंडला म्हणून तो बिल्ट-इन होत नाही. माझ्या बहिणीच्या घरी चूक झाली ती नेमकी इथेच. शिवाय आज बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू अल्प प्रमाणात वापरलेला असतो आणि हवेची जागा बंद करू नये अशी सूचना उत्पादक देतात. ती सूचना सुरक्षिततेसाठीही आहे.

शोरूममध्ये सहसा कोणी न दाखवणारी एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहा. फ्रिजच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत त्याचा हवामान वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. आयात केलेला बिल्ट-इन फ्रिज घेताना हा वर्ग विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि नागपूरकरांनी ‘टी’ पेक्षा कमी वर्ग स्वीकारू नये. बंद कपाटातील हवा खोलीतल्या हवेपेक्षा थोडी अधिकच तापते, हेही हिशेबात धरावे.

आपल्या शहरातील घरांचे एक वैशिष्ट्य सुट्या फ्रिजच्या बाजूने जाते, आणि ते म्हणजे कूलर. बाहेरची कोरडी, रणरणती हवा ओल्या ताट्यांतून येताना बरीच थंड होते, हॉलमधून पुढे सरकते आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून बाहेर जाते. या वाऱ्याच्या वाटेवर, म्हणजे जेवणाच्या जागेत किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिज ठेवला तर त्याला भर दुपारीही सुसह्य हवा मिळते. सुटा फ्रिज उन्हाळ्यापुरता तिथे सरकवता येतो. बिल्ट-इन जिथे बसला तिथेच राहतो, आणि बहुतेक आराखड्यांत ती जागा शेगडीच्या रांगेतच असते. फक्त कूलरचे तुषार थेट फ्रिजवर येऊ देऊ नयेत, कारण पत्रा गंजतो.

मापांबद्दल थोडक्यात सांगतो. युरोपीय बिल्ट-इन फ्रिजसाठी कपाटातील जागा साधारण ५६ सेंटिमीटर रुंद आणि प्रचलित उंच प्रकारात सुमारे १७८ सेंटिमीटर उंच असते. त्यात फ्रीझर धरून साधारण २५० ते ३०० लिटर जागा मिळते. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या, पन्हे, कैऱ्या, अर्धे कापलेले टरबूज आणि चार माणसांची भाजी ठेवायची असेल, तर ही जागा लवकर भरते. सुट्या फ्रिजमध्ये तेवढ्याच रुंदीत सहसा अधिक लिटर मिळतात. तो ६० सेंटिमीटर खोल ओट्यापेक्षा थोडा पुढे येतो, हे मात्र खरे आहे, आणि ज्यांना सरळ रेषेतले स्वयंपाकघर मनापासून आवडते त्यांची ती खंत मी समजू शकतो.

घर भाड्याचे असेल किंवा नोकरीत बदल्या होत असतील, तर बिल्ट-इनचा विचारही करू नये. घर स्वतःचे असेल, स्वयंपाकघर मुळापासून नव्याने होत असेल आणि त्या कंपनीची दुरुस्तीची सेवा नागपुरातच मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा. नीट बसवलेला बिल्ट-इन फ्रिज खरोखर सुंदर दिसतो. मात्र आधी मॉडेल ठरवावे आणि मगच कपाट बनवावे. प्लग पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवावा, म्हणजे वीज तोडण्यासाठी फ्रिज ओढून काढावा लागणार नाही. दारावरच्या लाकडी पॅनेलचे वजन पुस्तिकेतील मर्यादेतच असावे. ते जड झाले तर बिजागऱ्या झुकतात, गॅसकेट, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, नीट टेकत नाही आणि थंड हवा गळत राहते.

बहिणीच्या घरी आम्ही जूनमध्ये कपाटाची पाठ आणि माथा पूर्ण काढला, एका बाजूची फळी हलवून पुस्तिकेतल्याइतकी फट ठेवली आणि वरचा लॉफ्ट लहान केला. आता फ्रिजच्या बाजूने भिंतीची एक पट्टी दिसते. बहिणीने त्या पट्टीला ओट्यावरच्या टाइलशी जुळणारा रंग दिला आहे, आणि या वर्षीच्या मे महिन्यात तिच्याकडे दूध एकदाही नासले नाही.